सातला एक

आमच्याकडे सकाळी सातला एक वाजतो.
सूर्य वर आला की मोजायला लागायचं, बस्स.
नर्सबाई म्हणतात, रात्री आठची गोळी,
मी म्हाताऱ्याला सांगते, दोनची.
टांगाहून आलाय, किडनीसाठी,
बोटांवर अंधार मोजतो नि मान हलवतो.
आठ वजा सहा.
याचाच मला पगार या इस्पितळात:
सहा काढायचे, सहा घालायचे,
मधल्यामध्ये कुणाची गोळी चुकू नये.

खारोडीत पाणी साडेपाचला येतं.
आईच्या हिशेबात साडेअकरा, रात्र उरकायची आहे अजून.
मी पिंप भरते, बादल्या भरते, कुकरसुद्धा भरून ठेवते.
ब्रिजिटबाई जिन्यात भेटतात, केसांना जाळी लावलेली,
"मोजुमा, झालं का गं तुझं?"
म्वाजुमा. शुक्रवारी जन्मलेली.
पण मोजुमाही चालतं मला,
मोजतेच तर असते मी.

नवी होते तेव्हा शब्दांनी फार फसवलं.
चहा ओळखीचा निघाला, चपाती, गाडी,
वाटलं, अर्धं सामान आधीच येऊन पडलंय माझं.
पण दादा म्हणजे आमच्यात बहीण.
परवाना वाढवायला गेले तेव्हा कुणीतरी शिकवलं होतं,
पोलिसांना दादा म्हणावं, काम होतं.
त्या मिशाळ माणसाला मी दादा म्हटलं
आणि मला हसू आवरेना.
चार वेळा खेटे घातले मग त्या हसण्यापायी.
रेहेमा भर बाजारात "मामा, मामा" ओरडते,
रिक्षावाले वळून बघतात, कुठंय हिचा मामा?
मग माझ्याकडे बघतात.
जरा जास्तच वेळ.

आमच्या खोवणीचं नाव बकरी. म्बुझी.
बुटकं लाकडी आसन, पुढे लोखंडी जीभ, दात काढलेली.
बायकांनी तिच्यावर एका अंगाने बसायचं.
मी टांग टाकून बसायचे,
बकरी पळवायचे पांगानीपर्यंत,
नदीच्या मुखातून सरळ समुद्रात,
नारळाची वाटी हातात तशीच.
मागून आई, "आज भात कोरडा गिळायचाय का?"
मांडीवर अजून खूण आहे त्या जिभेची,
पावसाळ्यात खाजते.
पहिलं दूध वेगळं काढायचं, दुसरं वेगळं,
हे ब्रिजिटबाईंना सांगावं लागलं नाही.
त्यांनी नुसती झाकणं उचलून
दोन पातेली दाखवली.

काल म्हाताऱ्यानं विचारलं, किती वाजले, पोरी?
मी भिंतीवर पाहिलं नि सांगितलं, दहा.
वजा करायचं राहूनच गेलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
तो खिडकीकडे वळला, सावकाश, सुया सांभाळत.
"ऊन तर चारचं दिसतंय," म्हणाला.
मग बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला,
ओळखीचं कुणीतरी
स्टँडवर दिसल्यासारखं आणि नसल्यासारखं.

आज रेहेमाची वही घरी आली.
घड्याळ काढा: शाळा सात वाजता भरते.
तिनं छोटा काटा एकवर ठेवलाय,
मोठा बारावर, पट्टी लावून.
वर बाईंची लाल फुली.
"पण बरोबर आहे ना, मामा?"
गॅसवर नारळाचं दूध होतं,
फाटायच्या आत मी ते खाली घेतलं.
मग खोडरबर शोधलं. लगेच सापडलं,
ते तसंच ठेवून दिलं ओट्यावर, मिठाच्या बरणीपाशी.
पानाच्या तळाशी पालकांच्या सहीची रेघ होती.
सही केली,
आणि बाईंनी विचारली नव्हती तरी
शेजारी वेळ टाकली.